नेमून दिलेली सेवा

बन्सी आणि लंकाबाई पिंपळझरी सोडून भिंगारला आली तेव्हा गावच्या विहिरींना अजून पाणी होतं. दुष्काळ मागाहून आला. पण पुढं कुणी विचारलं, ‘दुष्काळानं बाहेर काढलं का?’ की बन्सी मान हलवून हो म्हणायचा. दुष्काळाचं नाव घेतलं की माणसं पुढचं काही विचारत नाहीत, हे त्याच्या ध्यानात आलं होतं.

नागापूरला नव्या कारखान्यांच्या शेडी उभ्या राहत होत्या. तिथं पाया खोदायच्या कामावर तो लागला. कुदळ मारताना त्याला बरं वाटायचं. कुदळीचा आवाज ऐकून कुणी नाचत नाही, कुणी ‘वाजीव अजून’ म्हणत नाही. खड्डा झाला की झाला.

भिंगारला त्यांच्या खोलीशेजारी भागिरथीबाई म्हणून एक ख्रिस्ती बाई राहायची. लंकाबाई तापानं आठवडाभर पडली तेव्हा भागिरथीबाई रोज तिच्या उशाशी येऊन बसली, पेज भरवली, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. ताप उतरल्यावर लंकाबाई म्हणाली, “एकडाव त्यांच्या देवळात जाऊन येऊ. उपकार हाईत त्यांचे.” बन्सी गेला. चपला काढून तो दाराबाहेरच उभा राहिला. देऊळ कुठलंही असो, त्याची जागा त्याला माहीत होती. तेवढ्यात पांढरा फेटा बांधलेले एक म्हातारे गृहस्थ आतून उठून आले, त्यांनी त्याचा हात धरला आणि सरळ पुढच्या सतरंजीवर आपल्या शेजारी नेऊन बसवलं. ते उत्तमराव. शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, आणि सगळ्या तालुक्यात नावाजलेले कीर्तनकार. रविवारची भक्ती संपल्यावर त्यांनी बन्सीला घरी जेवायला नेलं. ताट वाढून आणलं आणि म्हणाले, “वेगळं कशाला? या माझ्याच ताटात.” बन्सी संकोचून त्यांच्या ताटाशी बसला. जन्मात त्याला असं कुणी बसवलं नव्हतं.

वर्षभरात दोघांचा बाप्तिस्मा झाला.

त्या ख्रिस्ती मंडळीत एक रीत होती. नवं माणूस आलं की त्याला काहीतरी सेवा नेमून द्यायची. देवळाचे पाळकसाहेब म्हणायचे, देवाच्या घरात पाहुणा म्हणून किती दिवस राहायचं, घरचं झालं की घरचं काम करायचं. हे काम पुष्पावतीबाईंकडे होतं. त्या शाळेत शिकवायच्या, स्वभावानं मायाळू. नव्या माणसांच्या घरी जायच्या, चहा घ्यायच्या आणि विचारायच्या, “तुम्हाला काय येतं?” कुणी शिवण येतं म्हणालं की त्याच्याकडे पडद्यांचं काम द्यायच्या, कुणाचा आवाज बरा असला की गायकांत बसवायच्या. माणूस आणि काम यांची गाठ घालून द्यायचा त्यांना आनंद होता.

बन्सीच्या घरी त्या आल्या त्या दुपारी त्यानं सांगितलं, “मला काई येत न्हाई, बाई. खड्डे खोदतो.”

“असं कसं? प्रत्येकाला काहीतरी येतंच.”

 चुलीपाशी लंकाबाई बसली होती. तिच्याच्यानं राहवलं नाही.

“हलगी वाजीवत्यात ते,” ती म्हणाली. “साऱ्या पंचक्रोशीत असा हात न्हाई.”

पुष्पावतीबाईंचा चेहरा उजळला. बन्सीनं बायकोकडं पाहिलं. तिनं नजर चुकवली नाही.

बाई गेल्यावर तो म्हणाला, “तुला ठावं असून बोललीस.”

“ठावं हाय म्हनूनच बोलले,” लंकाबाई म्हणाली. “तितं भ्यानं वाजीवत हुता. हितं देवासाठी. हात त्येच, पर मालक येगळा. मनातली घान धुऊन निघंल तुमच्या.”

ती मनापासून बोलत होती. म्हणूनच त्याला तिच्यावर रागावता आलं नाही.

उत्तमरावांना कळलं तेव्हा ते स्वतः चालत आले. ढोलकी देवळात होतीच, पण त्यांनी जामखेडच्या बाजारातून हलगी मागवली. कोऱ्या फडक्यात गुंडाळलेली हलगी त्यांनी बन्सीच्या हातात दिली. “ढोलकी शहराला ठीक आहे,” ते म्हणाले. “खेड्यात माणसं गोळा करायची तर हलगीच हवी. हे तुझ्या रक्तातच आहे, बन्सी. देवानं दिलंय ते वाया जाऊ द्यायचं नसतं.”

नाही म्हणायलाही तोंड लागतं, आणि ज्यानं आपल्या ताटात जेवायला बसवलं त्याच्यापुढं ते तोंड उघडत नाही. बन्सीनं हलगी घेतली.

तेव्हापासून त्याचा शनिवार बिघडला. आठवडाभर कुदळ मारणारे हात शनिवारी संध्याकाळी गार पडायचे. रविवारी हवा दमट असली की हलगीचं कातडं उतरायचं. मग ते शेकून ताठ करायला देवळामागच्या अंगणात पाचोळा पेटवून तो उकिडवा बसायचा. आत पहिली प्रार्थना सुरू व्हायची. आतून ‘आमेन’ ऐकू यायचं आणि तो बाहेर धुरात, हलगी जाळावर फिरवत. कुणाच्या हे ध्यानात आलं नाही. कातडं ताठ झालं की कुणीतरी दारातून खूण करायचं, मग तो आत जायचा.

एकदा त्यानं सांगून पाहिलं की मनगट दुखतंय. झालं भलतंच. पाळकसाहेबांनी साऱ्या मंडळीला उभं करून बन्सीच्या मनगटासाठी प्रार्थना केली, आणि संध्याकाळी उत्तमराव तेलाची वाटी घेऊन घरी आले. सत्तरीचे गुरुजी आपलं मनगट चोळताहेत आणि आपण खोटं बोललोय, या दोन गोष्टींच्या मधे बन्सी अवघडून बसला. पुढच्या रविवारी मनगट बरं झालं म्हणून सगळ्यांनी आभार मानले.

आणि लंकाबाई फुलत होती. बायकांच्या सभेत तिला पुढं बसवत. नवी असूनही तिला प्रार्थना करायला सांगत. ‘हलगीवाल्या बन्सीभाऊंच्या मंडळी’ अशी तिची ओळख झाली होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला नवऱ्याच्या हलगीमुळे मान मिळत होता. घरी आली की ती कोण काय बोललं ते सांगत बसायची आणि बन्सी ऐकत राहायचा. हलगी सोडली तर हेही जाणार, हे त्याला दिसत होतं.

मग दुष्काळ आला. पावसाळा कोरडा गेला, पुढचाही तसाच. रस्त्यांच्या कामांवर खडी फोडायला माणसांची रीघ लागली, गुरं छावण्यांत गेली. मंडळीनं गव्हाची पोती आणि दुधाची पावडर मिळवली आणि ट्रकनं गावोगाव वाटायला सुरुवात केली. ट्रकबरोबर उत्तमरावांचं कीर्तन जायचं. रिकाम्या पोटाला धान्य द्यायचं, पण खचलेल्या मनालाही काहीतरी द्यायला हवं, असं त्यांचं म्हणणं. लोक खरंच ऐकायला थांबायचे. त्यांना बोलावून आणायचं काम हलगीचं.

एका रविवारी भक्तीनंतर पाळकसाहेबांनी पुढच्या गावाचं नाव सांगितलं. पिंपळझरी.

बन्सी उत्तमरावांपाशी गेला. “गुरुजी, तितं मी नको यायला.”

“का रे?”

“माजं गाव हाय ते.”

“म्हणूनच तर,” उत्तमराव हसले. “तुझ्या गावानं तुला बघायला नको का? मान खाली घालून गेलास, आता ताठ मानेनं जा.”

बन्सी घरी आला आणि भिंतीला टेकून बसला. लंकाबाईनं विचारलं तसं त्यानं सांगितलं. तिचाही चेहरा उतरला.

“मग जाऊ नका,” ती म्हणाली.

“काय सांगून?”

“खरं सांगून.”

“खरं सांगायचं तर आबाचं मढं मांडावं लागंल समद्यांम्होरं,” बन्सी म्हणाला. “ते न्हाई जमनार.”

आबा म्हणजे बन्सीचा बाप कानिफनाथ, गावची हलगी. लग्न असो, मयत असो, देवाची पालखी असो, मांगाच्या घरची हलगी पुढं पाहिजे, हा गावाचा दंडक. कानिफनाथ गेला तो दिवस रंगनाथ पाटलांच्या घरच्या लग्नाचा निघाला. पहाटे म्हाताऱ्यानं डोळे मिटले. बन्सी आणि त्याचा धाकटा भाऊ भीमा मढ्यापाशी बसले होते तोवर पाटलांचा माणूस आला. वरात निघायची आहे, हलगी कुठं? भीमानं मढं दाखवलं. माणूस गेला आणि पुन्हा आला. पाटलांचा निरोप असा होता की मढं काही पळून जात नाही, मुहूर्त जातो. भीमाच्या अंगात उठायचं बळ नव्हतं. बन्सी उठला. बापाचीच हलगी त्यानं गळ्यात घातली आणि गेला. तो परतला तेव्हा उन्हं उतरली होती, रडून रडून बायकांचे आवाज बसले होते आणि म्हाताऱ्याच्या तोंडावरचं फडकं माश्यांनी काळं झालं होतं. माती देऊन आल्यावर त्यानं हलगी भीमाच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाला, आजपासून सोडली. महिना उलटायच्या आत त्यानं गावही सोडलं.

एवढं लंकाबाईला ठाऊक होतं. एक गोष्ट मात्र त्यानं तिलाही सांगितली नव्हती.

ट्रक पिंपळझरीत शिरला तेव्हा बन्सीला गाव ओळखू येईना. ओढ्याकाठची झाडं पाल्यासाठी तोडून तोडून थोटी झाली होती. चावडीपुढं माणसं जमली. तोंडावळे तेच, पण आतून कुणीतरी हवा काढून घेतल्यासारखे. गर्दीतून भीमा पुढं आला. तो हाडांचा सापळा झाला होता. त्यानं भावाकडं पाहिलं, मग त्याच्या खांद्याला लटकलेल्या हलगीकडं.

“सोडली म्हनला हुतास,” भीमा म्हणाला.

“सोडली हुती.”

“मग ही?”

“ही देवाची हाय.”

 भीमा गव्हाच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

चावडीच्या ओट्यावर उत्तमराव उभे राहिले, मागं पेटीवाला आणि गाणारे. ओटा लहान होता. बन्सी खाली, ओट्याच्या पायथ्याशी डाव्या कोपऱ्याला उभा राहिला. तिथं उभा राहा असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचा बाप तिथंच उभा राहायचा. पायांना जागा पाठ होती.

समोर खुर्चीवर रंगनाथ पाटील बसले होते. तेही वाळले होते, डोळ्याला मोतीबिंदू आला होता. कुणीतरी बन्सीचं नाव घेतलं तशी त्यांनी मान वर केली.

“बन्सी का रं? ये ये. गाव सोडलंस, देव बदललास, पर हात जाग्यावर ऱ्हायला, बरं झालं. रक्तातच हाय तुमच्या. ते कुटं जातंय?”

त्यांच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. म्हातारा मायेनंच बोलला. आणि ओट्यावरून उत्तमराव हसून म्हणाले, “मीही त्याला हेच सांगत असतो, पाटील.”

बन्सीच्या कानांत एकदम काहीतरी बंद झालं. त्यानं वर गुरुजींकडं पाहिलं, समोर पाटलांकडं पाहिलं. दोघं एकमेकांकडं बघून माना डोलवत होते. पळून जावं असं त्याला वाटलं. पण डावीकडं भिंत होती, उजवीकडं ट्रक, समोर सारं गाव. आणि ट्रकमधल्या बायकांच्यात बसलेली लंकाबाई त्याच्याकडं टक लावून बघत होती.

“सुरू कर, बन्सी,” उत्तमराव म्हणाले.

त्यानं सुरू केली. पहिले काही ठोके नुसते पडत होते. मग हातांनी आपली वाट धरली. हलगी बोलायला लागली, माणसं गल्ल्यांतून धावत आली, पोरं नाचायला लागली. कोमेजलेले चेहरे हलले. कुणीतरी म्हणालं, “कानिफनाथच उठून आला जनू.” बन्सीचे हात थांबत नव्हते. तो थांबवू बघत होता, पण हात त्याचे नव्हतेच. ते गावाचे होते, पाटलांचे होते, गुरुजींचे होते, त्याच्या मेलेल्या बापाचे होते. तेवढा एक बन्सी सोडून सगळ्यांचा त्यांच्यावर हक्क होता.

परतताना ट्रकमध्ये उत्तमरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “आजच्यासारखी तू कधीच वाजवली नव्हतीस,” ते म्हणाले. ते खरं होतं. बन्सी रिकाम्या पोत्यांच्या ढिगावर आडवा झाला आणि भिंगार येईपर्यंत त्यानं डोळे उघडले नाहीत.

पुढच्या रविवारी तो देवळात गेला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. लंकाबाई एकटी जायची आणि कुणी विचारलं की बरं नाही म्हणायची. उत्तमरावांचा निरोप आला, त्याचं त्यानं उत्तर दिलं नाही. मग एक दिवस कामावरून येतो तो पुष्पावतीबाई खोलीत बसलेल्या.

“हात दुखतोय का, बन्सीभाऊ?”

“न्हाई, बाई.”

“मग?”

तो हातपाय धुऊन आला, खाली बसला. बाईंनी घाई केली नाही. चहा होऊन निवून गेला. आणि मग, कसं कोण जाणे, त्यानं सांगायला सुरुवात केली. आबाचं मढं, पाटलांचा निरोप, वरात. लंकाबाईला ठाऊक असलेलं सगळं सांगून झालं तरी तो थांबला नाही.

“दुपारची गोष्ट हाय,” तो म्हणाला. “पोरं लई नाचत हुती. मला म्हनत हुती, अजून, अजून. माजा हात रंगला. असा रंगला की काई येळ आबा मेलाय हेच मी इसरलो. हसलो बी आसंल. मग एकदम ध्यानात आलं. तवापासनं हलगीला हात लावला की मला भ्या वाटतं. पाटलाचं न्हाई. माजंच. परवा पिंपळझरीत पुन्ना तसंच झालं.”

लंकाबाई चुलीपाशी पदर तोंडाला लावून बसली होती. “मला न्हाई सांगितलं हे,” ती हळूच म्हणाली.

पुष्पावतीबाईंनी निवलेला चहा बाजूला सारला. मग त्यांनी सवयीनं विचारलं, “मग तुम्हाला दुसरी कुठली सेवा आवडेल?” आणि विचारताक्षणीच त्यांना ते कसंसंच झालं.

बन्सीला मात्र त्याचं उत्तर देता आलं. “मला नुसतं बसायचंय, बाई.”

“बसायचंय म्हणजे?”

“मी कुटल्या लग्नात बसलो न्हाई. कुटल्या मयतीला बसलो न्हाई. जत्रंत न्हाई. माज्या सोताच्या लग्नात बी भीमा वाजवून दमला तवा मी हलगी घेतली. समदी बसत्यात तसं मला बसायचंय. लोकं म्हनत्यात, गुरुजींचं कीर्तन लई गोड. मी ते आजून ऐकलं न्हाई. माजं ध्यान ठेक्यात. त्यांनी काय सांगितलं ते मला एकडाव ऐकायचंय.”

पुष्पावतीबाई म्हणाल्या, “मी पाळकसाहेबांना सांगते. उत्तमरावांनाही सांगते.”

“गुरुजींना मी सांगतो,” बन्सी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो हलगी त्याच कोऱ्या फडक्यात बांधून उत्तमरावांच्या घरी गेला. ते ओसरीवर चष्मा पुसत बसले होते. बन्सीनं सगळं सांगितलं, पण पुष्पावतीबाईंना सांगितलं तसं सलग नाही, अडखळत, मागंपुढं. उत्तमरावांनी त्याला मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, “मला आधी का नाही सांगितलंस?”

“सांगता येत न्हवतं.”

“मी काय पाटील आहे का रे?”

“न्हाई, गुरुजी,” बन्सी म्हणाला. “पाटलाला मी कवातरी न्हाई म्हनलो असतो. तुमाला न्हाई म्हनता येत न्हाई.”

उत्तमरावांचा हात चष्म्यावर थांबला. त्यांना ते लागलं. बन्सीनं ते लागावं म्हणून म्हटलं नव्हतं, पण परत घेण्यासारखंही त्यात काही नव्हतं. म्हाताऱ्यानं हलगी उचलली आणि आत नेऊन ठेवली. बाहेर आले तेव्हा ‘बस’ म्हणाले नाहीत. बन्सी थोडा वेळ उभा राहिला आणि सलाम करून निघाला.

त्या रविवारपासून तो देवळात नुसता बसायला लागला. वाटलं होतं तितकं ते सोपं नव्हतं. मंडळीच्या पंचांपैकी कुणीतरी म्हणालं, काम नको आणि मंडळी हवी, असं कसं चालेल. कुणी म्हणालं, त्याला गर्व झालाय. बायकांच्या सभेत लंकाबाईला मागं बसा असं कुणी म्हटलं नाही, पण पुढं बसा असंही आता कुणी म्हणेना. ती आपणच मागं बसायला लागली. चार-पाच आठवडे ती त्याच्याशी कामापुरतं बोलली. एकदा भाकरी थापताथापता म्हणाली, “माजं काय चुकलं हुतं? बरं व्हावं म्हनूनच सांगितलं मी.” बन्सी म्हणाला, “तुजं काई चुकलं न्हाई.” ते खरं असूनही तिला पुरलं नाही.

ढोलकीवर आता लष्करी छावणीच्या कोठीत काम करणारा सहादू बसायचा. माणूस भला, पण ठेका निसटायचा. निसटला की साऱ्या देवळाच्या माना बन्सीकडं वळायच्या. कुणी रागानं बघत नव्हतं. आशेनंच बघायचे. बन्सी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचा. बोटं तिथंही वळवळायची. गीत संपेपर्यंत त्याला घाम फुटायचा. सुटलो म्हणून तो इथं येऊन बसला होता, आणि रविवारचा तास कधी संपतो याची वाट बघत होता.

नाताळच्या सुमारास उत्तमरावांचं कीर्तन झालं. बन्सी मधल्या सतरंजीवर बसला. आख्यान उधळ्या पोराचं होतं. बापाची इस्टेट उडवून परत येणारा पोरगा, आणि त्याला लांबूनच बघून धावत सुटलेला म्हातारा बाप. ‘धावत सुटला’ म्हणताना उत्तमरावांचा आवाज वरच्या पट्टीत जाऊन चिरकायचा. त्यांचं वय झालं होतं. गेली दोन वर्षं बन्सी त्या चिरकण्यावर हलगीचा जोर देऊन ते झाकत आला होता, आणि त्याला स्वतःलाच ते कधी ऐकू आलं नव्हतं. आज ते उघडं पडलं. आणि तो चिरकलेला आवाजच असा काही आत शिरला की बन्सीनं मांडीखालचे हात कधी काढले आणि तोंडावर कधी घेतले हे त्याला समजलं नाही. आबा त्याच्यासाठी कधी धावला असता का, हे तो पहिल्यांदाच स्वतःला विचारत होता.

उत्तमरावांनी त्याला पाहिलं. कीर्तन संपल्यावर दारात दोघं समोरासमोर आले. “सलाम, गुरुजी,” बन्सी म्हणाला. “सलाम,” उत्तमराव म्हणाले, आणि थोडं थांबून, “आज ठेका फार कच्चा होता.” मग निघून गेले. त्यानंतरही त्यांच्या घरचं जेवणाचं बोलावणं काही आलं नाही. बन्सीला त्या ताटाची आठवण व्हायची.

उन्हाळ्यात दुष्काळाची माणसं भिंगारलाही येऊन थडकली. नाल्यापलीकडं पाचटाच्या झोपड्या पडल्या. त्यांतली एक-दोन कुटुंबं देवळात यायला लागली. राहीबाई म्हणून एक तरुण बाई होती, नवऱ्याबरोबर शेवगावकडून आलेली. पुष्पावतीबाईंना तिच्याकडं जायचं होतं. त्या बन्सीच्या खोलीवर आल्या.

“तुम्ही दोघं चला माझ्याबरोबर,” त्या म्हणाल्या.

“मी काय करू येऊन?” बन्सी म्हणाला.

“काही करू नका. मी चुकीचं विचारायला लागले तर मला थांबवा.”

वाटेत बाईंनी आपला बेत सांगितला. रविवारी लहान मुलांना सांभाळायला बाई हवी होती. राहीबाई शांत आहे, तरुण आहे, मुलांत रमेल.  

झोपडीत बसायला जागा अशी नव्हतीच. राहीबाईनं पोतं अंथरलं. नवरा कामावर गेला होता. इकडचं तिकडचं बोलून झालं. पुष्पावतीबाई मग नेहमीचा प्रश्न विचारायला गेल्या, अडखळल्या आणि म्हणाल्या, “राहीबाई, मंडळीत तुम्ही आता आमच्यातल्याच. तुम्हाला काय येतं ते मी नंतर विचारीन. आधी हे सांगा, कुठलं काम तुम्हाला नको?”

राहीबाईनं चमकून पाहिलं. तिला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. बाजरीची कणसं मोडायची असोत की खडी फोडायची, नको हा शब्द तिच्या वाट्याला आला नव्हता. ती पोत्याचा सुटलेला दोरा ओढत राहिली. पुष्पावतीबाई काही बोलणार असं दिसताच बन्सीनं जरासा हात वर केला. त्या थांबल्या.

“लेकरांत बसवू नका,” राहीबाई म्हणाली.

मग तिनं सांगितलं. खडीच्या कामावर झाडाला झोळी बांधून बाळ ठेवलं होतं. हगवण लागली होती त्याला. मुकादम सुट्टी देईना. संध्याकाळी झोळी सोडली तेव्हा.

पुढचं तिनं सांगितलं नाही. पुष्पावतीबाईंनी “बरं” एवढंच म्हटलं.  लंकाबाई उठली आणि राहीबाईला खेटून बसली. 

बऱ्याच वेळानं राहीबाईनं डोळे पुसले आणि बन्सीला विचारलं, “तुमी काय करता देवळात?”

“बसतो,” बन्सी म्हणाला.

“आन् चालतं तसं?”

“चालत न्हाई सगळ्यांना,” बन्सी म्हणाला. “पर बसतो.”

पुढच्या रविवारी राहीबाई आली आणि लंकाबाईशेजारी, मागच्या रांगेत बसली. बाजूच्या खोलीत मुलं गायला लागली तशी ती उठून बाहेर गेली. लंकाबाई तिच्यामागं गेली. दोघी कडुनिंबाखाली भक्ती संपेपर्यंत बसून राहिल्या. त्याच्या पुढच्या रविवारी त्या दोघी आधीच बाहेर बसल्या, आणि मुलांचं गाणं थांबल्यावर, अर्ध्यावर आत आल्या.